रविवारी आलात, सोमवारी कोण येणार?

गोव्यातल्या समस्त लिनक्सवाल्या मित्रमंडळींस,

स. न. वि. वि.

तुमच्यातल्या काहींना मी आठवत असेन. गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी डिचोलीत तुम्ही जुन्या संगणकांवर विंडोजच्या जागी लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टम, घालून देण्याचं शिबिर भरवलंत, तेव्हा स्कूटरवर पायांशी सीपीयू ठेवून, तो गुडघ्यांत आवळून आलेला टक्कलवाला माणूस तो मी. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान आहे. तुम्ही तिघांनी माझं मशीन दीड तासात तयार करून दिलंत, वर पातळभाजी-पाव खायला घातलात आणि पैसे विचारले तर नुसते हसलात. आभार मानायचे राहून गेले होते, ते आधी मानतो. मग भांडतो.

भांडण सोमवारचं आहे.

सोमवारी साडेनऊला शटर वर केलं. पहिलं गिऱ्हाईक मयेची एक बाय, रहिवासी दाखल्याचे कागद घेऊन आलेली. फॉर्म भरला, पीडीएफ उतरवली, प्रिंट दिली. प्रिंटरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि गप्प झाला. पुन्हा दिली. स्क्रीनवर लिहून आलं की काम पूर्ण झालं. कागद कोरासुद्धा बाहेर आला नव्हता. बायने पाच मिनिटं वाट पाहिली आणि म्हणाली, "काका, हांव मागीर येतां." तिच्यामागे तिघे उभे होते. ते काही न बोलता पलीकडच्या दुकानात गेले. न बोलता जाणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हे कुठल्याही दुकानदाराला विचारा.

तुमच्यातल्या एकाला फोन लावला. मुलगा पणजीत नोकरीला, ऐन मीटिंगमध्ये, तरी त्याने फोन उचलला, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "काका, लॉग पाठवा." मी तरुणपणाची वर्षं खाणीच्या ऑफिसात काढली. लॉग म्हटलं की मला ट्रकांच्या फेऱ्यांची ती लांबलचक लॉगबुकं दिसतात, लाल धुळीने पानांच्या कडा माखलेली. हा लॉग कुठे असतो नि पाठवायचा कशातून? मग त्याने टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी, उघडायला लावलं आणि फोनवरून एक ओळ सांगितली. "स्पेस, मग डॅश, मग छोटा एल." तो एल आहे की एक, यात आमची सात मिनिटं गेली. दुपारी मी प्रिंटरची वायर काढली आणि विंडोजच्या मशीनला जोडली. तुमचं देखणं मशीन आठवडाभर नुसतं घड्याळ दाखवत बसलं.

यात दोष लिनक्सचा नव्हता, हे मला पुढे कळलं. स्वस्तातल्या लेझर प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं. पानावर कुठला ठिपका काळा, कुठला पांढरा, हा हिशेब संगणकाने करून द्यायचा आणि त्याने निमूट छापायचं. तो हिशेब करणारा ड्रायव्हर कंपनी आधी विंडोजसाठी काढते. लिनक्ससाठी काढलाच तर तो साइटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पडलेला असतो. माझ्या प्रिंटरचा तसा होता. पाच मिनिटांचं काम. पण मशीन तुम्ही हॉलमध्ये तयार केलंत आणि प्रिंटर होता दुकानात. "काका, ह्याला काय काय जोडता?" एवढं त्या दीड तासात कुणी विचारलं नाही. मागे चित्र कुठलं हवं, ते मात्र दोनदा विचारलंत.

माझा या जुन्या डब्यांवर जीव का, तेही सांगतो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. आमच्या पट्ट्यात ट्रक दारात उभे राहिले ते टायर बसेपर्यंत. ऑफिस आवरताना कंपनीने संगणक भंगाराच्या भावाने काढले, त्यातले दोन मी उचलले आणि त्यांच्या जिवावर दुकान टाकलं. तिसरं मशीन २०१७ मध्ये नवं घेतलं. तिन्ही चालतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. माझं सगळ्यात नवं मशीन सातव्या पिढीचं! एका पिढीने हुकलं. पंखा फिरतोय, पडदा उजळतोय, आणि म्हणे आता हे जुनं झालं. चालती गोष्ट एका तारखेला बंद ठरते तेव्हा कसं वाटतं, ते खाणपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून तुमची जाहिरात वाचल्याबरोबर मी आलो. तुमच्या विचारांसाठी आलो नव्हतो, खोटं कशाला बोलू.

आता त्या विचारांविषयी. लोक लिनक्सला का बिचकतात याची तुमची कारणं मी त्या दिवशी ऐकली. सवय, अज्ञान, कंपन्यांचा प्रचार. असेलही. पण मी बारा वर्षं काउंटरच्या आतून लोकांना बघतोय आणि मला काही वेगळं दिसतं.

आमच्याकडे जुनं मशीन बिघडलं की लोक बाजारातल्या एखाद्या पोराला बोलावतात. तो फॉरमॅट मारतो, पेनड्राइव्हवरून विंडोज घालतो, ऑफिस घालतो, वर एखादा अँटिव्हायरस, आणि पाचशे-सातशे रुपये घेतो. परवाना वगैरे कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता, कबूल करतो. तुम्ही येऊन सांगता, आमचं फुकट आहे. अहो, त्याचंही फुकटच होतं की! लोक ते पाचशे रुपये विंडोजचे देतच नाहीत. ते त्या पोराचे देतात. उद्या मशीन अडलं की तो फोनवर "येतो, धा मिनटांत" म्हणतो आणि दोन तासांनी का होईना, येतो. त्याला टर्मिनल ठाऊक नाही, सिस्टमचा गाभा तो कर्नल ठाऊक नाही. घर ठाऊक आहे.

माझ्या मशीनवरचं नवं रूप बघून गिऱ्हाइकांनी काय काय विचारलं, ते तुमच्या कानी पडावं म्हणून लिहितो. "हें डुप्लिकेट विंडोज काय?" हे सर्वांत जास्त. "माझा पेनड्राइव्ह खराब जावचो ना मूं?" हे दुसरं. एका निवृत्त बँकवाल्याने विचारलं, "फुकट देतात तर त्यांचं पोट कशावर चालतं? म्हणजे आपला डेटा विकत असणार." त्याला सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठमोठ्या कंपन्या आपल्या सर्व्हरांसाठी यात पैसे ओततात, पगारी माणसं लावतात, हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. शिबिरात हे तुम्ही सांगितलं नाहीत. सांगितलंत ते स्वातंत्र्याविषयी.

त्या स्वातंत्र्याच्या भाषणाबद्दल जरा बोलू द्या. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभारणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयूची, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येईल अशा ऑपरेटिंग सिस्टमची, घोषणा केली, तेव्हापासून त्यांना एक गोष्ट घसा फोडून सांगावी लागते, की फ्री म्हणजे फुकट नव्हे, मोकळं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे तो खुलासा त्यांना करावाच लागतो. आपल्याकडे फुकट वेगळं, मुक्त वेगळं, शेंबड्या पोरालाही कळतं. तुम्ही मात्र तो इंग्रजीतला खुलासा जसाच्या तसा मराठीत आणता आणि जिथे घोटाळा नव्हता तिथे घालता. एकाने तर "फुकट बिअरमधलं फ्री नव्हे" हा इंग्रजीतला दाखलाही दिला. डिचोलीत, सकाळी दहाला, चार आज्या समोर बसलेल्या असताना. त्यातून मुक्त हा शब्द गोव्यात जरा जपून वापरावा. इथे मुक्ती म्हटली की माणसाच्या डोळ्यांपुढे १९ डिसेंबर १९६१ उभा राहतो. त्या शब्दाच्या शेजारी ऑफिसचं पॅकेज ठेवलंत की ते फार लहान दिसतं.

"तुमच्या खिशात लिनक्सच आहे, अँड्रॉइडच्या आत तोच कर्नल," हेही ऐकलं. खरं आहे. जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर चालतात, हेही खरं. पण महासंगणकाला रहिवासी दाखला छापायचा नसतो, आणि फोनमधलं लिनक्स चाललं ते लोकांना ते लिनक्स आहे हे कळलं नाही म्हणून नव्हे. फोन बिघडला तर न्यायला दुकान आहे म्हणून. गावोगाव, अगदी वाळपईच्या पलीकडेही. डेस्कटॉपवर हेच लिनक्स तेहेतीस वर्षं होत आली तेव्हा कुठे, फेब्रुवारी २०२४ मध्ये, वेबसाइटांवरच्या भेटी मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत शंभरात चारांवर पोचलं.

दाखलाच द्यायचा तर केरळचा द्या. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल ही शाळांतल्या संगणकशिक्षणाची योजना सुरू झाली आणि पुढे सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजलं. दहावीची आयटीची परीक्षाही मुलं त्यावर देतात. ते काय लोकांना भाषणं देऊन झालं? आधी शिक्षक तयार केले, त्या शिक्षकांनी पुढचे शिक्षक तयार केले. २०१८ पासून हायस्कुलात लिटल काइट्स म्हणून मुलांचे क्लब आहेत. म्हणजे मशीन अडलं की हाक मारायला बाजूच्या वर्गात कुणीतरी असतं. उलट जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये ठरवून पंधराएक हजार मशीनं लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्यात राजकारण किती आणि तंत्र किती, यावर तुम्ही रात्रभर वाद घालाल. घाला. मला दुकान उघडायचं असतं.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळे हे पत्र भांडणाचं असूनही तुम्हालाच लिहितोय.

पौषातल्या जत्रेच्या नाटकाचं हँडबिल माझ्याकडे आलं. आमच्याकडे जत्रेला मराठी नाटक नाही झालं तर देवापेक्षा गाव आधी रुसतं. माझं जुनं मराठी टायपिंगचं पॅकेज विंडोजवर, आणि त्याच दिवशी ते मशीन दुसऱ्या कामात अडकलेलं. म्हटलं, करू या लिनक्सवर. लिब्रेऑफिस, म्हणजे लिनक्सवरचं ऑफिस, उघडलं, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डाने मजकूर मारला, मास्तरांना प्रूफ दाखवलं. मास्तर म्हणजे दिग्दर्शक, ऐंशीच्या घरातले, शाळेतून निवृत्त. आमच्यासारखेच, बोलणार कोंकणी आणि लिहिणार मराठी. त्यांनी चश्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला आणि पात्रपरिचयावर बोट ठेवलं. "हो ल खंयचो?"

पौराणिक नाटक, त्यात लक्ष्मणही होता आणि शत्रुघ्नही. दोघांची अक्षरं हिंदी वळणाची उतरली होती. ल ला बाजूला काना, श ला तो हिंदी पाठ्यपुस्तकातला बाक. मास्तरांना हवा होता पाकळीचा ल आणि देठाचा श, जो त्यांनी चाळीस वर्षं फळ्यावर गिरवून घेतला. मी म्हटलं, वाचता येतंय ना? ते म्हणाले, वाचता तर दुकानाच्या पाटीवरचंही येतं. तेव्हा मनात आलं, संपलं, आज रात्री पुन्हा जुन्या पॅकेजवर.

नेमकी त्याच वेळी तुमच्यातली एक मुलगी झेरॉक्स काढायला आली होती. शिबिरात कोपऱ्यात बसून केबली गुंडाळत होती, ती. तिने वाकून पाहिलं, "काका, मी पाहू?" म्हणाली, सगळा मजकूर निवडला, खालच्या पट्टीत जिथे हिंदी लिहिलं होतं तिथे मराठी केलं. आणि पानभर ल मुरडले. एकदम, सगळे, डोळ्यांदेखत. फाँट तोच. मराठी वळण त्यात आधीपासून होतं, फक्त मजकूर हिंदी आहे असं समजून संगणक हिंदीची अक्षरं काढत होता. मास्तरांनी कागद परत नाकाशी नेला. "आतां जालें," म्हणाले. मास्तरांकडून याहून मोठी पावती मी आजवर ऐकलेली नाही.

ती मुलगी त्या दिवशी दोन तास बसली. वार सोमवारच होता. प्रिंटरचा ड्रायव्हर तिने शोधून घातला. अडकलेल्या प्रिंटा कशा सोडवायच्या ते दाखवलं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ लिहिलं की प्रिंटरचं पान उघडतं, तिथून रांग साफ करायची. हे तिने माझ्या उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर मराठीत, चार ओळींत लिहून दिलं. वर मोठ्या अक्षरांत: छापत नसेल तर. ते पान मी फाडून मॉनिटरला चिकटवलंय. दुकानात येणारा माझा भाचाही आता त्या चार ओळींवर प्रिंटर चालू करतो. पुढच्या आठवड्यात तिने दुसऱ्या जुन्या मशीनवरही लिनक्स घातलं, तेव्हा आधी प्रिंटर, स्कॅनर, वजनकाट्याएवढं माझं ते लॅमिनेशनचं यंत्रसुद्धा बघून घेतलं. लॅमिनेशनला संगणक लागत नाही, पण तिने विचारलं, मला बरं वाटलं.

आणि मग फायदे दिसायला लागले, जे तुमच्या भाषणात नव्हते. कॉलेजची पोरं पेनड्राइव्ह आणतात, त्यातल्या निम्म्यांत तो शॉर्टकटवाला व्हायरस. फोल्डर गायब, त्याच नावाचे शॉर्टकट उभे. पूर्वी एक पेनड्राइव्ह लावला की संध्याकाळपर्यंत माझ्या मशीनमधून दहा जणांकडे पोचायचा. आता लिनक्सवर तो व्हायरस आपला नुसता पडून असतो आणि लपवलेले फोल्डर जसेच्या तसे दिसतात. परवा एका मुलीचा प्रोजेक्ट असा "गेलेला" होता, रडकुंडीला आली होती. मी उघडून दाखवला. तिने विचारलं, अंकल, हे कुठलं विंडोज? म्हटलं, डुप्लिकेट.

मराठी मेनूंबद्दलही सांगून टाकतो. उत्साहाने मी सगळं मराठीत करून पाहिलं. फोल्डरची संचयिका झाली. भाषेचा अभिमान मलाही आहे, पण "संचयिकेत ठेवलंय" म्हटल्यावर गिऱ्हाईक माझ्याकडे पाहायचं तसं कुणी कुणाकडे पाहू नये. चौथ्या दिवशी इंग्रजीवर आलो. हे अनुवाद कुणीतरी फावल्या वेळात, फुकट केलेत, त्यांना नमस्कार. पण पुढच्या वेळी करायला बसाल तेव्हा माझ्या काउंटरवर बसून करा. लोक फाइल म्हणतात, फोल्डर म्हणतात, सेव्ह करतात आणि डिलीट मारतात.

अडतंय ते दोन ठिकाणी. एक, डिजिटल सहीचं टोकन, ते यूएसबीत लावायचं. त्याची सूचनापुस्तिका विंडोजचे फोटो घालून केलेली, आणि लिनक्सवर ते लावायचा माझा प्रयत्न दोनदा फसलाय. दुसरं, ते जुनं पॅकेज. बारा वर्षांच्या लग्नपत्रिका, हँडबिलं, भजनी मंडळाच्या वह्या, सगळं त्यात. ती मराठी मुळात मराठी नव्हेच. आतून इंग्रजी अक्षरं, वर देवनागरीचा मुखवटा. फाँट काढला की सगळा दशावतार. पॅकेजला यूएसबीची किल्ली आहे, ती विंडोजशिवाय कुलूप उघडत नाही. गंमत म्हणजे युनिकोडच्या, जगभरच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. त्याच वर्षी ऑगस्टात हेलसिंकीतल्या लिनस टॉर्वल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून आपण एक ऑपरेटिंग सिस्टम करतोय असं कळवलं. दोन्ही तेव्हापासून होतं आणि आम्ही २०१३ मध्ये मुखवटे विकत घेतले. आम्हाला सांगायला कुणी नव्हतं. तुमच्यातले बरेच तेव्हा शाळेत असतील, तुम्हाला बोल लावत नाही.

म्हणून तिसरं मशीन अजून विंडोज १० वर आहे. त्याला वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तोवर ते ढकलतो.

माझं मागणं एवढंच आहे. पुढचं शिबिर हॉलमध्ये नको. महिन्यातला एक सोमवार तुमच्यातल्या एकाने माझ्या दुकानात बसावं. एकच चालेल, फक्त दरवेळी बदलू नका, लोकांना चेहरा ओळखीचा झाला पाहिजे. साखळी, वाळपई, पेडणे इथेही माझ्यासारखे झेरॉक्सवाले आहेत, त्यांची मशीनंही त्याच तारखेला जुनी झालीत. त्या बाजारातल्या फॉरमॅट मारणाऱ्या पोरांशी भांडू नका, त्यांना शिकवा. त्यांच्याकडे गिऱ्हाईक आहे, तुमच्याकडे विद्या आहे. आणि फुकट करू नका. पाचशे रुपये घ्या. पाचशे घेतलेल्या माणसाला लोक हक्काने फोन करतात, फुकट करून गेलेल्याला संकोचाने. लिनक्सच्या जातींत उबुंटू बरं की मिंट बरं की डेबियन, हा वाद काउंटरच्या आत नको. त्या दिवशी हॉलमध्ये तो अर्धा तास चालला आणि माझ्या बाजूची आजी उठून गेली. तिला नातवाचे फोटो बघायचे होते.

पहिल्या सोमवारी टोकन आणि जुन्या फायली, हेच काम धरू. फायलींची सीडी मी काढून ठेवलीय, टोकनही दुकानातच असतं. येताना यूएसबीची लांब वायर आणा, माझी स्कॅनरपर्यंत पुरत नाही. साडेनऊला शटर वर असतं. एक ते तीन खाली, तेव्हा त्या वेळेत हाका मारू नका, मी आत झोपलेला असतो.

आपला,
डिचोली बसस्टँडजवळचा झेरॉक्सवाला